कंबर बांधली, डोक्याचं काय?

राजाजीनगरहून एका वाचकांनी विचारलं आहे : त्यांची मुलगी जक्कूरला विमान चालवायला शिकते, तेही सावकाश उडणाऱ्या सेस्नावर. प्रवासी विमानात आपल्याला कमरेचा पट्टा पुरतो, मग या चिमुकल्या विमानात खांद्यांवरून पट्टा कशाला?

चिमुकलं आहे म्हणूनच! यात समोर हातभर अंतरावर उपकरणांचा टणक फलक असतो. समजा, इंजिन बंद पडलं, विमान शेतात उतरवावं लागलं आणि ताशी 80 किलोमीटर वेगाने बांधाला धडकून, नाक चेपत 3 मीटरमध्ये थांबलं. सरासरी हिसका भरतो साडेआठ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठपटीच्या, आसपास. नीट बांधलेला माणूस एवढा सहज सोसतो. पण नुसती कंबरच बांधलेली असेल, तर धड कमरेतून पुढे फेकलं जातं. डोकं ताशी 36 किलोमीटरने जरी फलकावर आपटलं आणि 3 सेंटिमीटरमध्ये थांबलं, तरी हिसका 170 जी! विमानाला थांबायला 3 मीटर मिळतात. त्यातला वाटा डोक्याला मिळतो तो खांद्याच्या पट्ट्यामुळे.

या विचाराचा पाया घातला ह्यू डीहेवनने. 1917 मध्ये शिकाऊ वैमानिक असताना हवेतल्या टकरीत त्याचं विमान कोसळलं. तो वाचला, पण पोटात जबर इजा झाल्या आणि त्याचा संशय गेला स्वतःच्याच पट्ट्याच्या बकलावर. विमान का पडलं, हे सगळेच शोधत; माणूस नेमका कशाने जखमी झाला, हा प्रश्न त्याने आयुष्यभर लावून धरला. मोटारीतल्या तीन टोकी पट्ट्याचं श्रेय व्होल्वोच्या नील्स बोलिनला मिळतं. 1959 मध्ये त्याने तो सुटसुटीत केला, हे खरंच. पण रॉजर ग्रिसवोल्ड आणि डीहेवन यांना तशा पट्ट्याचं पेटंट 1955 मध्येच मिळालं होतं. डीहेवनचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायलाच हवं.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 1985 मध्ये छोट्या विमानांचे अपघात तपासले. जगण्याजोग्या अपघातांत दगावलेल्यांपैकी 20 टक्के लोक खांद्याच्या पट्ट्याने वाचू शकले असते आणि गंभीर जखमींपैकी 88 टक्क्यांच्या इजा बऱ्याच कमी झाल्या असत्या, असा निष्कर्ष निघाला. एका पट्ट्याची ही करामत!

मुलीला एवढं जरूर सांगा : आधी कमरेचा पट्टा, पोटावर नव्हे तर खाली ओटीपोटाच्या हाडांवर, घट्ट आवळायचा. मगच खांद्याचा. कमरेचा ढिला राहिला, तर धडकेत खांद्याचा पट्टा त्याला वर, मऊ पोटावर ओढतो.