लिथियम (औषध)

लिथियम हे द्विध्रुवी मनोविकारावरील एक प्रमुख औषध आहे. लिथियम या सर्वांत हलक्या धातूचे क्षार, मुख्यतः लिथियम कार्बोनेट, गोळ्यांच्या स्वरूपात दिले जातात. या विकारात रुग्णाला उन्माद आणि तीव्र नैराश्य यांचे आलटूनपालटून झटके येतात. लिथियममुळे हे झटके कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. मात्र, ते नेमके कसे कार्य करते हे अद्याप पूर्णपणे उलगडलेले नाही.

इतिहास

रुग्णाच्या शरीरातील एखाद्या विषारी द्रव्यामुळे उन्माद होत असावा, असा ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांचा तर्क होता. तो तपासताना त्यांना युरिक आम्लाचा पाण्यात विरघळणारा क्षार हवा होता. म्हणून त्यांनी गिनीपिगांना लिथियम युरेट टोचले. प्राणी सुस्त झाले. लिथियम कार्बोनेटनेही तोच परिणाम दिसला. पुढे केड यांनी उन्मादाच्या १० रुग्णांवर हे औषध वापरले व १९४९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचा मूळ तर्क टिकला नाही. गिनीपिगांची सुस्ती हे विषबाधेचे लक्षण असावे, असेही मत पुढे मांडले गेले. रुग्णांमधील सुधारणा मात्र खरी होती.

त्याच वर्षी अमेरिकेत मिठाला पर्याय म्हणून विकल्या गेलेल्या लिथियम क्लोराइडमुळे काही जणांचा मृत्यू झाला. केड यांचा पहिला रुग्णही १९५० मध्ये लिथियमच्या विषबाधेने दगावला. १९५४ मध्ये डेन्मार्कचे मोगेन्स स्काऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित चाचणीद्वारे औषधाची परिणामकारकता दाखवली. अमेरिकेत त्यास १९७० मध्ये मान्यता मिळाली.

कार्यपद्धती

लिथियमचा आयन काही बाबतींत सोडियम व मॅग्नेशियमच्या आयनांसारखा असतो. मॅग्नेशियमवर अवलंबून असलेल्या काही विकरांचे कार्य तो मंदावतो. त्यांपैकी इनॉसिटॉल मोनोफॉस्फेटेज आणि ग्लायकोजेन सिंथेज कायनेज-३ यांचा विशेष अभ्यास झाला आहे. ही दोन्ही विकरे पेशींतील संदेशवहनाशी निगडित आहेत. तथापि, मनःस्थिती स्थिर होण्यामागे यांपैकी कोणता परिणाम निर्णायक आहे, यावर एकमत नाही. काही रुग्णांना या औषधाचा उत्तम गुण येतो, तर काहींना येत नाही. या फरकाचेही समाधानकारक स्पष्टीकरण मिळालेले नाही.

वापर व दक्षता

उपचारक मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर कमी असल्याने रक्ततपासणी अनिवार्य असते. दीर्घकालीन उपचारात रक्तातील प्रमाण साधारणतः प्रतिलिटर ०.६ ते १.० मिलिमोल ठेवले जाते, १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका वाढतो. लिथियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे जुलाब, अतिघाम, मीठ अचानक कमी करणे किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेणे यांमुळे रक्तातील पातळी वाढू शकते. हातांचा वाढता कंप, उलट्या, तोल जाणे व बोबडे बोलणे ही विषबाधेची लक्षणे होत. मूत्रपिंडे व थायरॉईड ग्रंथीचीही नियमित तपासणी केली जाते.

लिथियम घेणाऱ्या रुग्णांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. औषध अचानक बंद केल्यास विकार लवकर उलटू शकतो. त्यामुळे ते वैद्यकीय सल्ल्यानेच, टप्प्याटप्प्याने थांबवले जाते.