बॉलची पद्धत

चालमोगऱ्याचं तेल कातडीखाली टोचलं की तिथंच बसून राही. इतकं दाट, की अंगात जिरतच नसे. जागोजागी गाठी धरत, गळवं होत. तोंडावाटे द्यावं तर कडूजहर. पोटात गेल्यागेल्या उलटून पडे. तरीही १९१५ च्या सुमारास कुष्ठरोगावर त्यातल्या त्यात गुण येई तो याच तेलानं. आपल्या सह्याद्रीतलं कडूकवठ हे त्याच झाडाचं भावंड.

हवाईत या रोगाचं निदान म्हणजे हद्दपारी. १८६६ पासून सरकार रोग्यांना घरातून उचलून मोलोकाई बेटावरच्या कलाउपापाला नेऊन सोडत होतं; लहान मुलांनासुद्धा.

होनोलुलूच्या कलिही रुग्णालयातल्या डॉ. हॅरी हॉलमन यांना हे तेल शरीराला सोसेल अशा रूपात हवं होतं. ते गेले ॲलिस बॉलकडे. सिएटलची ही कृष्णवर्णीय तरुणी, वय २३. कॉलेज ऑफ हवाईमधून रसायनशास्त्राची मास्टर्स पदवी मिळवणारी पहिली स्त्री आणि पहिली आफ्रिकन-अमेरिकन व्यक्तीही तीच. कावा वनस्पतीच्या मुळातली द्रव्यं वेगळी काढण्यावर तिचा प्रबंध होता. हॉलमन यांना नेमकी हीच हातोटी हवी होती.

कॉलेजात शिकवणं सांभाळून ती तेलाच्या मागे लागली. त्यातली मेदाम्लं तिनं सोडवून घेतली, अल्कोहोलशी त्यांचा संयोग घडवला आणि इथाइल एस्टर वेगळे केले. हाती आला तो पातळ, प्रवाही द्रव. सुईतून सहज जाणारा, अंगात जिरणारा. अनुभवी संशोधकांना न सुटलेला पेच तिनं वर्षभरात सोडवला!

पण निष्कर्ष छापायला तिला आयुष्य पुरलं नाही. आजारी पडून ती सिएटलला परतली आणि ३१ डिसेंबर १९१६ रोजी, अवघ्या २४ व्या वर्षी गेली.

काम पुढे नेलं कॉलेजचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी. औषध मोठ्या प्रमाणावर बनू लागलं, लेख छापून आले, ‘डीन पद्धत’ हे नाव रूढ झालं. ॲलिसचा उल्लेख कुठेही नाही. तिच्याच संस्थेच्या प्रमुखाकडून ही नजरचूक झाली, हे मला पटत नाही. नाव वगळलं गेलं.

हॉलमन यांनी मात्र १९२२ मध्ये लिहून ठेवलं, की ही बॉलची पद्धत आहे आणि नंतरच्या फेरफारांनी तिच्यात काडीचीही सुधारणा झालेली नाही. या साक्षीकडेही कुणी फारसं पाहिलं नाही. कॅथरिन टाकारा, स्टॅन्ली अली यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे जुनी दप्तरं धुंडाळून तिचं काम वर काढलं, तेव्हा कुठे, एव्हाना विद्यापीठ झालेलं ते कॉलेज हललं. तिच्या नावाचा फलक लागला २००० साली. तिच्या मृत्यूला तेव्हा ८३ वर्षं उलटून गेली होती.