लाल चांदणीचे रकाने

कंपनी आपलं ‘करिअर्स’चं पान नव्यानं सजवायला घेते, तेव्हा आधी बदलतो तो वरचा फोटो. बीन बॅगवर बसून हसणारी माणसं जातात, टेबल टेनिस खेळताना हसणारी येतात. खालचा अर्ज तसाच! रेझ्युमे अपलोड करा, मग त्यातलंच सगळं पुन्हा एकेका रकान्यात टाइप करा. पुण्यातल्या भारती विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या पोरांना आणि कात्रज-आंबेगावातल्या ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’वाल्यांना हे तोंडपाठ आहे. तेव्हा फोटो राहू दे. गंमत आहे ती लाल चांदणी लावलेल्या रकान्यांत.

पिन कोड\*
हा रकाना एका मराठी माणसाची देणगी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून ही पद्धत निघाली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. गृहस्थ संस्कृत कवीही होते! कात्रजचा ४११०४६ घ्या. पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आले, ४११ म्हटलं की पुणे. म्हणजे सहा आकड्यांत पत्ता बराचसा उलगडला. तरी अर्ज पुढे राज्य विचारतो, तेही अंदमानपासून सुरू होणाऱ्या यादीतून. पिन आधी विचारा, बाकीचं आपोआप भरू द्या. नव्या डिझाइनचा हा सगळ्यात स्वस्त सल्ला, फी नाही.

नाव, मधलं नाव, आडनाव\*
तीन खणांचा हा हिशेब महाराष्ट्रात फार दिवस टिकणार नाही. राज्य मंत्रिमंडळानं मार्च २०२४ मध्ये ठरवलं की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशा क्रमानं लागतील. ही पोरं २०४२ साली अठरा वर्षांची होऊन अर्ज भरायला बसतील. चौथा खण करायला तोवर वेळ आहे. एचआरचा वेग पाहता, जेमतेम.

जन्मतारीख\*
१ जून! जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं ही तारीख टाकून दिली. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निरोप समारंभांची झुंबड उडते. ‘नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे अर्ज दुबार’ असं मानणाऱ्या संगणकाला १ जूनचे दोन संजय पाटील दाखवा. एकाचा अर्ज गेलाच.

लिंग\*
आता जरा थांबून वाचा, कारण भरतीच्या संकेतस्थळात खरा बदल झाला तो इथं, आणि तो कुठल्या डिझायनरनं केलेला नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र पोलिसांची १८ हजारांहून अधिक जागांची भरती निघाली. ऑनलाइन अर्जात पर्याय दोनच, पुरुष आणि स्त्री. तृतीयपंथी उमेदवारांनी अर्ज भरायचा कसा? प्रकरण ‘मॅट’कडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेलं. नोव्हेंबरमध्ये मॅटनं तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबरमध्ये तिथं कानउघाडणी झाल्यावर संकेतस्थळात बदल करायची हमी दिली गेली आणि या उमेदवारांसाठी अर्जाची मुदतही वाढली. टिचकीची एक गोल जागा वाढवायला एवढं सगळं! तिची किंमत मात्र ती ज्यांना हवी होती त्यांनाच विचारा.

त्याआधी ४८ वर्षं, १९७४ साली, हेच काम एका पोस्टकार्डानं केलं होतं. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी सूचना फलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. इंजिनिअर हवेत, पण महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, पुण्यात मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरी मिळाली. पुढे त्या सुधा मूर्ती झाल्या. हा प्रकार जुना झाला असं समजू नका. ॲमेझॉननं रेझ्युमे चाळायला तयार केलेलं यंत्र बायकांच्या अर्जांना कमी गुण देत होतं, अशी बातमी २०१८ मध्ये आली. यंत्र शिकलं होतं आधीच्या, बहुतेक पुरुषांच्याच, अर्जांवरून. त्याला पोस्टकार्ड कोण पाठवणार?

फोटो, सही, अंगठा\*
सरकारी बँकांसाठी आयबीपीएसची परीक्षा देणाऱ्यांना विचारा. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा, शिवाय स्वतःच्या हातानं, तेही इंग्रजीतच, लिहिलेलं घोषणापत्र. सही कॅपिटल अक्षरांत केली तर बाद. मोबाइलचा फोटो काही एमबींचा निघतो, आणि तो ५० केबीत कोंबून देण्यावर कितीतरी झेरॉक्सवाल्यांची चूल पेटते.

रेझ्युमे जोडा\*
वाचणाऱ्याची पहिली नजर त्यावर सुमारे सहा सेकंद टिकते, असं ‘द लॅडर्स’ या अमेरिकी कंपनीनं २०१२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून सांगितलं. त्यातून मराठी मजकूर पुण्यातच जन्मलेल्या श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर विचारूच नका. कागदावर सुरेख, यंत्राच्या लेखी नुसती चिन्हांची भेळ. युनिकोडमध्ये टाइप करा, बापांनो.

एकूण अनुभव\*
आणि आता कात्रजचा हुकमाचा एक्का. सर्पमित्र नीलिमकुमार खैरे १९८० साली पुण्यात काचेच्या खोलीत ७२ सापांसोबत, त्यातले बहुतेक विषारी, ७२ तास बसले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. आजच्या करिअर पेजवर त्यांनी हा अनुभव भरायचा म्हटलं, तर यादी उघडणार ० ते १ वर्ष, १ ते ३ वर्षं, ३ ते ५ वर्षं. ७२ तास म्हणजे तीन दिवस. सिस्टीम म्हणणार, फ्रेशर.