पानाची कड

१९८८चा अख्खा पावसाळा मी चवळीची पानं मोजण्यात घालवला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पर्णक्षेत्र हवं होतं आणि विभागात त्यासाठी यंत्र नव्हतं. पान ग्राफ पेपरवर ठेवायचं, टोकदार पेन्सिलीने कडेकडेने गिरवायचं आणि आतले चौकोन मोजायचे. निम्म्याहून जास्त व्यापलेला चौकोन धरायचा, कमी असेल तो सोडायचा. शाळेत क्षेत्रफळाच्या धड्यात शिकवतात तोच नियम. मधले सेंटिमीटरचे चौकोन भराभर होत. सगळा वेळ खायची ती कड. तिथे मिलिमीटरचा एकेक चौकोन डोळ्यांनी जोखावा लागे, आणि त्याच पानावर माझं नि मैत्रिणीचं उत्तर हमखास वेगळं येई.

कंटाळून आम्ही आकृती कात्रीने कापून तराजूत टाकू लागलो. त्याच कागदाच्या दहा बाय दहा सेंटिमीटर तुकड्याचं वजन ठाऊक असलं की त्रैराशिकाने क्षेत्रफळ निघतं. पण पावसाळी हवेत कागद ओल धरतो. सकाळचं वजन दुपारी जुळत नसे. ही युक्ती फार जुनी आहे, हे मला नंतर समजलं. फ्रेंच भूवैज्ञानिक अशील देलेस यांनी १८४७ मध्ये खडकाचा कापलेला, घासलेला पृष्ठभाग घेतला, त्यावरच्या खनिजांच्या आकृती तेलकट कागदावर उतरवल्या, तो कागद कथलाच्या वर्खावर चिकटवला आणि प्रत्येक खनिजाचे तुकडे वेगळे कापून तोलले. कापलेल्या पृष्ठावर खनिजाने जितका हिस्सा व्यापलेला दिसतो, सरासरीने तितकाच हिस्सा खडकाच्या घनफळातही असतो, हे त्यांचं म्हणणं. सूक्ष्मदर्शकातून ऊतींचे काप मोजणारे आजही याच तत्त्वावर विसंबतात. १८५४ मध्ये स्विस गणिती याकोब आम्स्लर यांनी ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवला. त्याची सुई आकृतीच्या कडेवरून एक फेरी फिरवली की चाकावर क्षेत्रफळ वाचता येई.

मी ग्राफ पेपर घेऊन बसले त्याच्या आदल्याच वर्षी, १९८७ मध्ये, अमेरिकेत बेथेस्डा इथल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत वेन रॅस्बँड यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी ‘एनआयएच इमेज’ लिहिलं होतं. पण मॅकिंटॉश होता कुणाकडे? खरा फरक पडला १९९७ मध्ये, त्यांनी जावा भाषेत ‘इमेज-जे’ आणलं तेव्हा. ते कुठल्याही संगणकावर चालणारं, फुकट आणि ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा, त्यात भर घालावी असं होतं. परदेशी पर्णक्षेत्रमापक ज्यांना कधीच परवडला नसता, अशा तालुक्याच्या महाविद्यालयांना या माणसाने केवढं देणं दिलं आहे! माझ्या लेखी हे कुठल्याही महागड्या यंत्राहून मोठं काम आहे.

आमच्याकडे ते २००४ च्या सुमाराला आलं, एका जुन्या स्कॅनरसोबत. काचेवर पान, शेजारी पट्टी, वर पांढरा कागद. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केलं की एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे १३,९५० पिक्सेल बसतात. पट्टीवर रेघ ओढून किती पिक्सेल म्हणजे एक सेंटिमीटर हे सांगायचं, थ्रेशोल्ड, म्हणजे गडद-फिक्याची सीमारेषा, लावून पान पार्श्वभूमीपासून वेगळं करायचं, की आकडा समोर. अळीने मध्ये भोकं पाडलेलं पान तर दोनदा मोजायचं: एकदा भोकं धरून, एकदा वगळून. वजाबाकी केली की अळीने किती खाल्लं ते कळतं. कडेने कुरतडलेलं पान मात्र या युक्तीला दाद देत नाही. तिथे मूळची कड हातानेच काढून द्यावी लागते.

एकदा १५० डीपीआयची मोजपट्टी सगळ्या चित्रांना लागू राहिली आणि नवी पानं ३०० ला स्कॅन झाली. क्षेत्रफळ चौपट आलं. चवळीचं पान एवढं नसतं, म्हणून चूक लगेच सापडली. भीती वाटते ती लहान चुकीची. पट्टीवरची रेघ ५ टक्के चुकली तर क्षेत्रफळ सुमारे १० टक्के चुकतं, आणि ते पाहून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

थ्रेशोल्डचंही तसंच. जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली स्वयंचलित रीत हिरव्या पानावर छान चालते. केवडा पडलेल्या पानावर तीच फसते, कारण करड्या चित्रात पिवळा रंग पांढऱ्याच्या जवळ जातो आणि रोगट भाग पान नसल्यासारखा गळतो. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे थर सुटे करून निळा घेतला तर पिवळा गडद दिसतो आणि पान पूर्ण परत येतं. हे एका विद्यार्थिनीने शोधून मला दाखवलं, तेव्हा मला ८८ सालचा तो ग्राफ पेपर आठवला. श्रम गेले, कड कुठे धरायची हा निर्णय माणसाकडेच राहिला. आता शिकवून तयार केलेली प्रारूपं कड स्वतः काढतात, पण तीही माणसांनी आखून दिलेल्या कडांवरच शिकलेली असतात.

म्हणून प्रकल्पाला बसणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. डीपीआय, मोजपट्टी आणि थ्रेशोल्डचा आकडा वहीत लिहा, मूळ चित्र जपून ठेवा. आणि काळ्या कागदाचा पाच बाय पाच सेंटिमीटरचा चौकोन कापून रोज सकाळी आधी तो मोजा. उत्तर २५ आलं, तरच काचेवर पान ठेवा.