जुन्या गाडीचे सुटे भाग : कंपनीचा पार्ट घ्यावा की बाजारातला?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. तरी आजही ती रस्त्यावर दिसते. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तेव्हा जुनी गाडी ठेवण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की, तिच्यात पार्ट कोणता घालायचा?

मेकॅनिक विचारतो, "साहेब, ओरिजिनल टाकू का लोकल?" या प्रश्नातच एक घोटाळा आहे. गाडीचा प्रत्येक भाग गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही. प्लग, बेअरिंग, ब्रेक पॅड, फिल्टर हे बहुतेक पुरवठादारांकडून येतात. तोच पुरवठादार बऱ्याचदा तोच माल स्वतःच्या खोक्यात बाजारात विकतो. एसकेएफची बेअरिंगं चिंचवडला बनतात, ती नाना पेठेतल्या दुकानातही मिळतात. म्हणून बाजारात मुळात चार प्रकार आहेत : गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, पुरवठादाराच्या नावाचा, दुसऱ्या एखाद्या नावाजलेल्या उत्पादकाचा, आणि नावाची नक्कल केलेला डुप्लिकेट. पहिले तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. चौथा कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

मग निवड कशी करायची? मी दोन प्रश्न विचारायला सांगतो.

पहिला : हा भाग चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? दाराचं हँडल तुटलं तर गैरसोय होईल, बस्स. बंपर, आरसा, फूटमॅट यांत बाजारातला माल खुशाल घ्या. पण ब्रेक पॅड, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचा टाय रॉड एंड इथे जीव टांगलेला असतो. इथे कंपनीचा किंवा नामांकित पुरवठादाराचाच. टायमिंग बेल्टचंही तसंच. अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च इंजिनावर होतो.

दुसरा प्रश्न : तो बसवायला मजुरी किती? क्लचचं बेअरिंग घ्या. बेअरिंग लहानसं, पण त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. स्वस्त बेअरिंग वर्षभरात ओरडायला लागलं, तर वाचवलेले पैसे दुसऱ्या मजुरीत जातात. याउलट एअर फिल्टर दोन मिनिटांत बदलता येतो. मात्र तोही चांगल्या नावाचा, मापात बसणारा घ्या. कडेने फट राहिली तर धूळ थेट इंजिनात जाते.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळंच कंपनीचं घालू, डोक्याला ताप नको. जुन्या गाडीत तेही नेहमी बरोबर नसतं. रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं. बुश, होज, ऑइल सील, बेल्ट अशा वस्तू गोदामात वर्षानुवर्षं पडलेल्या असतील, तर कंपनीच्या खोक्यातल्या जुन्या रबरापेक्षा चांगल्या उत्पादकाचा ताजा माल बरा. खोक्यावरची तारीख वाचा, रबर बोटाने दाबून, वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

आणखी एक. पार्ट घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. पाकिटावरची छपाई पुसट, अक्षरं वाकडी, किंमत संशय यावा इतकी कमी, तर दुकान बदला. आणि काम झाल्यावर गॅरेजवाल्याकडून काढलेला जुना भाग आणि नव्याचं रिकामं खोकं मागून घ्या. संकोच करू नका. चांगला मेकॅनिक ते स्वतःहूनच देतो. त्याने काय बदललं आणि काय घातलं, हे तुमच्या डोळ्यांसमोर राहतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या. गाडी कोणती आणि कोणत्या सालची, ते आधी सांगा.