दावं सुटत नाही तोवर

एक हजार नोंदींवर प्रोग्राम झकास चालतो. दहा हजारांवरही चालतो. मग एके रात्री त्याला खऱ्या डेटाबेसमधल्या तीस लाख नोंदींवर सोडलं जातं, आणि सकाळी पडद्यावर एकच शब्द उरलेला असतो: ‘किल्ड’. कोणत्या ओळीत अडलं, कोणती नोंद बिघडलेली होती, काहीच सांगितलेलं नसतं. हाती लागतो तो फक्त एक आकडा: १३७.

हा आकडा वाचता आला की अर्धी हकिकत कळते. लिनक्समध्ये एखादा प्रोग्राम बाहेरून सिग्नल पाठवून संपवला गेला, तर त्या सिग्नलच्या क्रमांकात १२८ मिळवून येणारी संख्या शेल आपल्याला देतं. १३७ मधून १२८ गेले की उरतात ९, आणि ९ क्रमांकाचा सिग्नल कोणत्याही प्रोग्रामला अडवता येत नाही. यंत्राची मेमरी संपत आली की लिनक्सचं कर्नल चालू प्रोग्रामांना गुण देतं. ज्यानं जास्त मेमरी अडवलेली, त्याला साधारणपणे जास्त गुण. आणि या परीक्षेत पहिला येणारा बळी जातो.

इथे खरं आश्चर्य सुरू होतं. प्रोग्राम सी भाषेत असता तर समजण्यासारखं होतं. तिथे मेमरी मागून घ्यावी लागते आणि आठवणीनं परत करावी लागते. पण आपला प्रोग्राम पायथॉनमध्ये आहे, आणि तिथे परत करण्याचं काम भाषाच करते. मग साफसफाईला स्वतंत्र यंत्रणा असलेल्या घरात एवढा पसारा साठलाच कसा?

त्यासाठी पायथॉनमधला १ हा अंक उघडून पाहू. आजच्या ६४ बिट यंत्रावर हा इवलासा अंक २८ बाइट जागा घेतो. त्यातले प्रत्यक्ष किमतीसाठी फक्त ४. उरलेल्यांपैकी ८ बाइट एका मोजणीसाठी राखलेले असतात: या वस्तूला आत्ता किती जणांनी धरून ठेवलं आहे? प्रोग्राममधली प्रत्येक वस्तू, मग ती अक्षरमाला असो, यादी असो की डेटाबेसमधून आलेली ओळ, असा हिशोब अंगावर घेऊनच जन्माला येते. गोठ्यातल्या जनावराला दावं असावं तसं हे आहे. एखाद्या चलात वस्तू ठेवली की एक दावं बांधलं गेलं, यादीत घातली की दुसरं. शेवटचं दावं सुटलं, मोजणी शून्यावर आली, की त्याच क्षणी जागा मोकळी. दोन जनावरं फक्त एकमेकांनाच बांधलेली असतील, खुंटाला, म्हणजे चालू प्रोग्राममधल्या कोणत्याही चलाला, कोणीच नसेल, तर मात्र ही मोजणी फसते. कारण दोघांचाही आकडा एकाखाली येत नाही. अशा जोड्या शोधून सोडवणारा वेगळा सफाईकामगार २००० साली पायथॉन २.० मध्ये आला.

या दोन्ही युक्त्यांची मुळं एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात छापलेल्या लेखांत आहेत. १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी सुचवलं की खुंटांपासून निघावं, जिथवर पोहोचता येईल तिथवर खुणा कराव्यात आणि बिनखुणेचं सारं झाडून काढावं. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी मोजणीची पद्धत मांडली. मॅकार्थींच्या सफाई यंत्रणेनं एका जाहीर प्रात्यक्षिकात धमालच उडवली होती. एमआयटीत उद्योगजगतातल्या पाहुण्यांपुढे लिस्प दाखवलं जात होतं. रंगीत तालमीनंतर यंत्राची मेमरी ताजी करायची राहून गेली होती. ती ऐन प्रात्यक्षिकात संपली. लगेच सफाई यंत्रणा जागी झाली आणि आपल्या कामाचा पानभर अहवाल, सेकंदाला दहा अक्षरं या गतीनं, टाइपयंत्रावर ठोकू लागली. राहिलेला वेळ त्यातच जाणार हे उघड होतं. मॅकार्थी आणि व्याख्याता दोघेही हसून बेजार झाले, अशी आठवण मॅकार्थींनीच पुढे लिहून ठेवली.

आता आपल्या प्रोग्रामकडे येऊ. तपासाची सुरुवात कोड वाचून करू नये; आधी मेमरीचा आलेख काढावा. लिनक्समध्ये ‘/प्रॉक’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक चालू प्रोग्रामची ताजी माहिती मिळते, त्यात त्यानं व्यापलेली मेमरीही असते. दर हजार नोंदींनंतर तो आकडा टिपला की आलेखाचा आकारच बोलू लागतो.

आलेख सुरुवातीलाच उंच उडी मारून नंतर सपाट झाला, तर संशय उत्तर आणण्याच्या पद्धतीवर. पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलण्यासाठी पायथॉनमध्ये वर्षानुवर्षं वापरला जाणारा दुवा म्हणजे सायकोपीजी-२. त्यात ‘फेचवन’ म्हटलं की एक ओळ हातात येते. वाटतं, डेटाबेसकडून एकेक ओळ येते आहे. प्रत्यक्षात क्वेरी चालली त्याच वेळी तीस लाखच्या तीस लाख ओळी आपल्या यंत्रात येऊन बसलेल्या असतात. ‘फेचवन’ त्या ढिगातली एक उचलून देतं, इतकंच. यावरचा उपाय जादूसारखा वाटतो: कर्सरला, म्हणजे उत्तरातल्या ओळी उचलून देणाऱ्या साधनाला, नाव द्यायचं. नाव मिळालेला कर्सर डेटाबेसच्या बाजूला राहतो आणि लूप फिरेल तसतशा, वेगळं काही सांगितलं नाही तर, दोन-दोन हजार ओळी पाठवतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या मूळ सी लायब्ररीतही असेच दोन मार्ग आहेत: सगळं उत्तर आधी साठवून घ्या, किंवा येईल तसं वापरत जा. दुसऱ्या मार्गाची किंमतही आहे. शेवटची ओळ उचलेपर्यंत त्या जोडणीवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

आलेख नोंदींबरोबर सरळ रेषेत चढत राहिला, तर प्रत्येक नोंदीमागे काहीतरी उरतं आहे. नोंदीमागे एक किलोबाइट उरला, तरी दहा लाख नोंदींना जवळपास एक गिगाबाइट होतो. म्हणूनच हजार नोंदींच्या चाचणीत सारं आलबेल दिसतं. एक मेगाबाइट कोणाच्या डोळ्यावर येणार?

काय उरलं हे पाहण्यासाठी पायथॉनमध्येच एक साधन आहे, ‘ट्रेसमॅलॉक’. व्हिक्टर स्टिनर यांनी लिहिलेलं हे साधन २०१४ साली पायथॉन ३.४ बरोबर आलं. मेमरीचा प्रत्येक तुकडा कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर जन्मला, हे ते टिपून ठेवतं. दोन वेळांची चित्रं घ्यायची आणि वजाबाकी करायची. मधल्या काळात कोणत्या ओळीची प्रजा वाढली ते समोर येतं. कधी कधी हे साधन शांत असतं आणि आलेख मात्र चढतच असतो. हाही पुरावाच. वाढ पायथॉनच्या नोंदवहीत नाही, म्हणजे ती बहुधा खालच्या सी भाषेतल्या लायब्ररीत आहे. पोस्टग्रेसचा आलेला निकाल आधी तिथेच साठतो.

पण जन्मस्थान कळलं म्हणून दावं कोणाच्या हातात आहे ते कळत नाही. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो: या वस्तूला आत्ता कोण धरून आहे? त्याचीही सोय पायथॉनमध्ये आहे, आणि उत्तर पुष्कळदा अनपेक्षित निघतं. जँगो या प्रसिद्ध फ्रेमवर्कमध्ये ‘डीबग’ चालू असेल, तर डेटाबेसला पाठवलेली प्रत्येक क्वेरी, तिच्या संपूर्ण मजकुरासह आणि लागलेल्या वेळेसह, एका यादीत लिहून ठेवली जाते. वेबपानासाठी ही सोय फार कामाची. नव्या विनंतीबरोबर यादी कोरी होते. रात्रभर चालणाऱ्या प्रोग्रामला मात्र ‘नवी विनंती’ अशी कधी येतच नाही. चुका सापडाव्यात म्हणून ठेवलेली रोजनिशीच प्रोग्रामचा जीव घेते. २०१५ साली जँगो १.८ नं या यादीला ९००० क्वेरींची मर्यादा घातली. तरी एकेका क्वेरीत हजारो नोंदी भरण्याचा एक मेगाबाइट मजकूर असेल, तर ९००० क्वेरी म्हणजे नऊ गिगाबाइट!

आणखी एक चकवा. काम संपलं, वस्तू सुटल्या, तरी आलेख खाली येत नाही. वरच सपाट राहतो. ही बहुतेकदा गळती नसते. ५१२ बाइटपर्यंतच्या लहान वस्तू पायथॉन एकेक मेगाबाइटच्या मोठ्या गाळ्यांमध्ये ठेवतं. गाळा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो यंत्राला परत देता येत नाही. कोपऱ्यात २८ बाइटचा एखादा अंक उरला, की अख्खा मेगाबाइट अडकून पडतो. तोच प्रोग्राम पुन्हा त्याच कामाला लावावा. आलेख त्याच पातळीवर राहिला, तर जुने गाळे पुन्हा वापरले जात आहेत आणि काळजीचं कारण नाही. आणखी चढला, तर शोध चालू ठेवावा.

एवढ्या तपासात एक गोष्ट ठळक होते. सफाई यंत्रणेनं कुठेही कुचराई केलेली नसते. एखाद्या वस्तूपर्यंत पोहोचता येतं का, एवढंच तिला कळतं. त्या वस्तूची पुढे गरज आहे का, हे कळत नाही. आणि ही उणीव उद्याच्या हुशार आवृत्तीत भरून निघेल अशातली नाही. दिलेला कोणताही प्रोग्राम कधी थांबेल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. या निष्कर्षाचा पाया ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली घातला. ‘ही वस्तू पुढे कधी वापरली जाईल का?’ हा प्रश्नही त्याच कुळातला. एखादं लांबलचक गणित संपलं तरच ती वस्तू वापरली जाणार असेल, तर आधी ते गणित संपेल का हे सांगावं लागेल.

म्हणून ‘पोहोच’ यंत्रानं पाहायची आणि ‘गरज’ माणसानं सांगायची, अशी ही कामाची वाटणी आहे, आणि ती गणितानंच ठरवून दिली आहे. यादी किती लांब वाढू द्यायची, साठवलेली उत्तरं कधी टाकून द्यायची, किती ओळी एका वेळी आणायच्या, ही उत्तरं कोडमध्ये लिहावीच लागतात. जँगोतले ते ९००० म्हणजे असंच एका माणसानं यंत्राला दिलेलं उत्तर.