किनाऱ्याने कोकण : सायकलने आणि पायी

मार्ग : रायगडमधील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणारा सागरी महामार्ग. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा.

खाड्या आणि फेरीबोटी : उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आगरदांडा–दिघी (राजपुरी खाडी), बागमांडला–वेशवी (सावित्री), दाभोळ–धोपावे (वाशिष्ठी) आणि तवसाळ–जयगड (शास्त्री). बोटीत सायकल चढवता येते आणि खाडीला घालावा लागणारा लांबचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ आधीच विचारून घ्या.

चढ-उतार : समुद्रकाठचा रस्ता सपाट असेल, या भ्रमात राहू नका. खाडीकाठच्या गावातून जांभ्याच्या सड्यावर चढायचे आणि पुन्हा खाली उतरायचे, हे दिवसभर चालते. कमी गिअर आणि उत्तम ब्रेक हवेतच. सड्यावर सावली विरळ, म्हणून पाणी भरपूर ठेवा.

पायी : हरिहरेश्वरची समुद्रालगतची प्रदक्षिणा आणि अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची पायवाट ओहोटीतच करावी. गणपतीपुळ्याची डोंगरप्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे.

भरतीचा आडाखा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. तरीही निघण्यापूर्वी स्थानिक कोळी बांधवांना विचारा.

हंगाम : नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

एवढे पाळा : वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे वाळूत सायकल नेऊ नका, रात्री विजेरी लावू नका. हा किनारा आधी त्यांचा आहे.